आयडलर काढून पाहा

थिअरी ऑफ मशीन्सची ओरल चालू होती. एक्स्टर्नल सरांनी कागदावर एका ओळीत तीन गिअर काढले आणि विचारलं, “मधल्या गिअरचे दात दुप्पट केले तर स्पीड रेशो किती बदलेल?”

“काहीच नाही सर. तो आयडलर आहे. पहिला आणि शेवटचा एवढेच मोजायचे.”

सर खूष झालेले दिसले. मीही झालो. मग पुढचा प्रश्न आला. “म्हणजे रेशोमध्ये मधल्याचं योगदान शून्य. मग काढून टाकूया ना त्याला? खर्च वाचेल.”

आदल्या रात्री जर्नल पूर्ण करता करता पहाटेचे चार वाजले होते. मी “हो सर, चालेल” म्हणून मोकळा झालो.

“छान! आता शेवटचा शाफ्ट कुठल्या दिशेला फिरेल?”

उत्तर अर्थातच ‘उलट्या दिशेला’. दोन गिअर थेट एकमेकांना भिडले की विरुद्ध दिशांना फिरतात. मध्ये एक आयडलर आला की पहिला आणि शेवटचा एकाच दिशेला फिरतात. आपल्या वर्कशॉपमधल्या लेथवर टम्बलर गिअरचा लिव्हर असतो, त्याचा सगळा खेळ एवढाच आहे. लिव्हर हलवला की एका आयडलरऐवजी दोन मध्ये येतात, लीड स्क्रू उलटा फिरायला लागतो आणि उजव्या आट्यांऐवजी डावे आटे कापले जातात. रेशोच्या सूत्रात ज्याचं नावसुद्धा येत नाही, तो गिअर आटे डावे की उजवे हे ठरवतो!

त्या ओरलला किती मार्क पडले हे सांगण्यासारखं नाही. मीही ते विसरून गेलो असतो. पण त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत असं काही घडलं की तो आयडलर पुन्हा आठवला.

माझे मामा कराडला असतात. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य गेलं. गेले काही महिने त्यांचं डोकं सारखं दुखायचं, चेहरा लालबुंद व्हायचा आणि गरम पाण्याने आंघोळ केली की अंगभर खाज सुटायची. सगळ्यांना वाटलं पित्त असेल. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेएकोणीस! मामी म्हणाल्या, “रक्त जास्त असणं तर चांगलंच की!” डॉक्टरांनी समजावलं की चांगलं नाही. तांबड्या पेशी गरजेपेक्षा फार वाढल्या की रक्त दाट होतं, कुठेतरी गुठळी होते, आणि ती मेंदूत किंवा हृदयात अडकली तर जिवावर बेतू शकतं. आजाराचं नाव पॉलिसायथेमिया व्हेरा. उपाय म्हणजे ठराविक दिवसांनी रक्त काढून टाकायचं, रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं आणि थोड्या डोसची अ‍ॅस्पिरिन रोज घ्यायची. सोबत एक जनुकीय तपासणी झाली. तिच्या रिपोर्टवर एकच ओळ होती: ‘जॅक२ व्ही६१७एफ – पॉझिटिव्ह’.

तो रिपोर्ट मोबाइलमध्ये घेऊन मी हॉस्टेलला परतलो आणि आमच्या विंगमधल्या बायोटेकच्या मित्राला दाखवला. त्याने लगेच सांगितलं, “जॅक२ नावाच्या प्रथिनात ६१७ व्या जागेवर व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन आलंय. जनुकातलं एक अक्षर बदललंय फक्त.”

“कुठल्या भागात?”

“जेएच२ मध्ये. त्याला स्यूडोकायनेज म्हणतात. दिसायला एन्झाइमसारखा, पण एन्झाइमचं काम न करणारा भाग.”

“अरे, जो भाग कामच करत नाही, तो बिघडला तर माणूस आजारी का पडेल?”

मित्र गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “चांगला प्रश्न आहे. चल, मेसला उशीर होतोय.”

मित्रांनो, हा लेख त्या मेसच्या रांगेत सुरू झाला. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय आणि माझं एक मत बनलं आहे. ते असं की एखाद्या भागाला तो काय करत नाही यावरून नाव देण्याची आपली सवय चुकीची आहे. ती नुसती भाषेची चूक नाही, त्याने शोधाची दिशा चुकते आणि शेवटी ती किंमत पेशंट मोजतो. मी मेकॅनिकलचा विद्यार्थी, जीवशास्त्रात मला कोणी विचारणार नाही हे खरं. पण प्रश्न यंत्राचा असेल तर बोलायचा थोडा हक्क आपल्यालाही आहे!

आधी हे कायनेज म्हणजे काय ते पाहू. आपल्या हॉस्टेलला गेटपासवर रेक्टरांचा शिक्का बसला की वॉचमन सोडतो. कागद तोच, शाई तीच, पण शिक्क्याने त्या कागदाचा अर्थ बदलतो. पेशीतही शिक्के मारायची पद्धत आहे. एटीपी नावाच्या रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी असते. तिच्यातला शेवटचा फॉस्फेट काढून एखाद्या प्रथिनावर चिकटवला की त्या प्रथिनाचा आकार किंवा त्याला कोण येऊन बिलगणार हे बदलतं. जे झोपलेलं होतं ते जागं होतं, किंवा उलट. हा शिक्का मारणारं एन्झाइम म्हणजे कायनेज. बाहेरून आलेला हार्मोनचा निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत बहुतेक वेळा अशा शिक्क्यांच्या साखळीनेच पोचतो.

२००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जेरार्ड मॅनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या जनुकसंचातल्या सर्व कायनेजची यादी प्रसिद्ध केली. एकूण ५१८. पण त्यांतल्या सुमारे ५० जणांच्या बाबतीत, म्हणजे साधारण दर दहामागे एकाच्या बाबतीत, एक अडचण होती. शिक्का मारायला कायनेजला तीन अमिनो आम्लं अगदी ठरलेल्या जागी लागतात. एक लायसिन, जे एटीपीला नीट पकडून ठेवतं. एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल, जे मॅग्नेशियमला धरतं. आणि आणखी एक अ‍ॅस्पार्टिक आम्ल, जे प्रत्यक्ष फॉस्फेट दिला जातो तिथे बसून देवाणघेवाण जमवून आणतं. लेथच्या भाषेत सांगायचं तर चक, टूलपोस्ट आणि टूल. या पन्नास जणांमध्ये तिघांपैकी निदान एक तरी गायब होतं. बाकी घडण तीच, घडी तीच, फक्त टूल नाही. म्हणून त्यांचं नाव पडलं स्यूडोकायनेज. स्यूडो म्हणजे खोटा, तोतया.

आता तोतयांचं काम पाहा.

जॅक२ ची गंमत अशी की त्यात कायनेजसारखे दोन भाग शेजारी शेजारी आहेत. जेएच१ हा खरा शिक्का मारणारा आणि जेएच२ हा तोतया. या दोन तोंडांमुळेच या कुटुंबाला जेनस या दोन चेहऱ्यांच्या रोमन देवाचं नाव मिळालं. मूत्रपिंडात तयार होणारं एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन ‘तांबड्या पेशी तयार करा’ असा निरोप घेऊन अस्थिमज्जेतल्या पेशींपर्यंत येतं आणि तिथल्या रिसेप्टरला चिकटतं. या रिसेप्टरकडे स्वतःचा शिक्का नाही. त्याच्या आतल्या टोकाला जॅक२ बसलेलं असतं. निरोप आला की दोन रिसेप्टरवरचे दोन जॅक२ एकमेकांना शिक्का मारतात आणि पुढची साखळी सुरू होते.

यात जेएच२ चं काम काय? फिनलंडमधल्या ओली सिल्व्हेनोइनेन यांच्या गटाने सरळ आमच्या एक्स्टर्नल सरांचा प्रश्न विचारला: काढून टाकूया का? त्यांनी जेएच२ काढून टाकलेलं जॅक२ तयार केलं आणि २००० व २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोतया भाग काढल्यावर खरा भाग निरोप नसतानाही काम करत सुटला. एवढंच नाही, तर निरोप आल्यावर जो जोर चढायला हवा तोही नीट चढेना. म्हणजे नको तेव्हा थांबवणं आणि हवं तेव्हा सुटू देणं, ही दोन्ही कामं त्या ‘काम न करणाऱ्या’ भागाकडे होती.

आणि २००५ साली ब्रिटन, फ्रान्स, स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी काही आठवड्यांच्या आगेमागे एकच गोष्ट सांगितली. पॉलिसायथेमिया व्हेराच्या बहुसंख्य पेशंटांमध्ये जॅक२ च्या जेएच२ मध्ये व्ही६१७एफ हाच बदल असतो. आज आपल्याला माहीत आहे की हे प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे. इतकी वर्षं कारण माहीत नसलेल्या आजाराचं मूळ एन्झाइमच्या तोतया अर्ध्यात निघालं. हार्मोनचा निरोप येवो न येवो, अस्थिमज्जा तांबड्या पेशी तयार करतच राहते. माझ्या मामांच्या बाबतीत हेच झालं होतं.

मी फोनवर मामांना हे समजावून सांगत होतो. सांगताना बोलून गेलो की तो भाग तसा निकामीच असतो. मामा हसले. म्हणाले, “अरं लेका, ब्रेकनं गाडी पुढं जात न्हाई म्हणून काय ब्रेक निकामी म्हणायचा व्हय? घाटात ये माझ्यासंगं, मग सांगतो.”

तीस वर्षं एसटीचे ब्रेक लायनर बदललेल्या माणसाला जे एका वाक्यात कळलं, ते समजायला मला दोन सेमिस्टर लागली.

अर्थात मामांची ब्रेकची उपमा पुरती लागू पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०२२ साली अमेरिकेतल्या ख्रिस गार्सिया यांच्या गटाने याच कुटुंबातल्या जॅक१ ची पूर्ण रचना क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने दाखवली. त्यांनी वापरलेल्या जॅक१ मध्ये व्ही६१७एफ सारखाच, त्याच जागेशी जुळणारा बदल होता. त्यात दिसलं की दोन जॅक एकमेकांना जोडले जातात ते मुख्यतः या तोतया भागांमधूनच, आणि हा बदल ठीक त्या जोडावर बसतो. म्हणजे बिघाड म्हणजे नुसता ब्रेक सुटणं नाही, दोन भाग हार्मोनशिवायच एकमेकांना चिकटून राहणं हाही त्यात आहे. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे क्लचप्लेट चिकटली म्हण की!” त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एकट्या जॅकची गोष्ट असती तर मी एवढं लिहिलं नसतं. दुसरं उदाहरण हर३ चं. वाढीचे निरोप घेणाऱ्या चार भावंड-रिसेप्टरांपैकी हे एक. त्याचं शिक्का मारण्याचं सामर्थ्य नसल्यात जमा आहे, कारण नेमकं ते देवाणघेवाणीच्या जागचं अ‍ॅस्पार्टिक आम्ल त्याच्याकडे नाही. पण २००६ साली जॉन कुरियन यांच्या गटाने दाखवलं की या कुटुंबातले दोन कायनेज जोडी जमवतात तेव्हा ते समोरासमोर सारखे उभे राहत नाहीत. एक जण दुसऱ्याला मागून रेटतो, आणि ज्याला रेटलं जातं तो चालू होतो. आता सांगा, बंद पडलेली बाइक धक्का मारून सुरू करताना धक्का मारणाऱ्याकडे स्वतःचं इंजिन असावं लागतं का? हर३ हा असा धक्का मारणारा आहे. त्याची आवडती जोडी हर२ शी. हर२ कडे इंजिन दणकट, पण बाहेरचा निरोप थेट पकडायची सोय नाही. हर३ निरोप पकडतो, हर२ ला रेटतो, हर२ उलट त्याच्या शेपटीवर शिक्के मारतो, आणि त्या शेपटीवर पेशी जगवणाऱ्या पुढच्या एन्झाइमला बसायला सहा जागा असतात. स्तनाच्या कर्करोगाच्या काही प्रकारांत ही जोडी फार घातक ठरते. २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं पर्ट्युझुमॅब हे औषध हर२ ला अशा ठिकाणी धरतं की त्याची हर३ सारख्या जोडीदाराशी गाठच पडू नये. शिक्का थांबवायचा तर कधी कधी शिक्का नसलेल्याची सोबत तोडावी लागते.

तिसरं, स्ट्रॅड. हा एलकेबी१ नावाच्या महत्त्वाच्या कायनेजला पकडून काम करायच्या स्थितीत ठेवतो. २००९ साली त्याची रचना समजली तेव्हा दिसलं की स्ट्रॅड एटीपी पकडतो, पण खर्च करत नाही. एटीपी तिथे इंधन म्हणून नसून पाचरीसारखा बसलेला असतो. त्या पाचरीने स्ट्रॅडचा आकार पक्का राहतो आणि त्या आकाराला टेकून एलकेबी१ उभं राहतं. सिव्हिलवाल्यांना सेंटरिंगचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

आणि चौथं, एमएलकेएल. पेशीला विषाणूने घेरलं आणि मरण्याचा नेहमीचा मार्ग बंद झाला, तर ती स्वतःचं आवरण फोडून मरते. २०१२ आणि २०१३ साली कळलं की आवरण फोडणारा हा एमएलकेएल एक स्यूडोकायनेज आहे. त्याचा तोतया भाग खिट्टीसारखा असतो. खऱ्या कायनेजचा शिक्का खिट्टीवर बसला की ती सरकते, बरेच एमएलकेएल एकत्र येतात आणि पेशीच्या आवरणावर तुटून पडतात. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना फ्यूज आठवेल. रोजच्या दिवशी त्याचं काहीही काम नसतं. ज्या दिवशी काम असतं, त्या दिवशी त्याच्याशिवाय दुसरं कोणी ते करू शकत नाही.

इथे आमच्या बायोटेकच्या मित्राने घेतलेला आक्षेप नोंदवतो, कारण तो चांगला आहे. तो म्हणाला, “तू आता उलट्या टोकाला जाऊ नकोस. उत्क्रांतीमध्ये जनुकांच्या नकला होतात, त्यातल्या कित्येक खरोखरच भंगार होतात. सगळ्याच मोडक्या गोष्टींना काम असतं असं नाही.” पूर्ण मान्य. पण मग भंगार कोणतं आणि आयडलर कोणता हे ओळखायचं कसं? त्यालाही त्यानेच उत्तर दिलं. ज्या नकलेचं काही काम नाही ती गंजते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात कुठेही, कसेही बदल साठत जातात, कारण बिघडलं तरी कोणाचं अडत नाही. पण एखाद्या तोतयाचं टूल गेलेलं असेल आणि तरी बाकीची घडण कोट्यवधी वर्षं वेगवेगळ्या प्राण्यांत जपली गेली असेल, तर समजायचं की कोणीतरी ती वापरतंय. दहा वर्षं बंद असलेल्या मशिनवर धूळ असते. एकाच लिव्हरची मूठ चकचकीत दिसली तर तो लिव्हर बंद नाही.

दुसरा आक्षेप असा, “नावात काय आहे? स्यूडो म्हटलं म्हणून प्रथिन काम करायचं थांबत नाही.” इथे मात्र मला अजिबात पटत नाही. नाव प्रथिनासाठी नसतं, आपल्यासाठी असतं. ते आपण काय मोजायचं हे ठरवतं. लॅबमध्ये कसोटी एकच असेल, की हा फॉस्फेट चिकटवतो की नाही, तर नापास झालेल्यांची फाइल बंद होते. आणि ही कसोटीसुद्धा वाटते तितकी पक्की नाही. तीन उदाहरणं देतो.

२००० साली सापडलेल्या एका कायनेजमध्ये ते लायसिन नेहमीच्या जागी नव्हतं. नावच पडलं ‘विथ नो लायसिन’, म्हणजे डब्ल्यूएनके. पण ते व्यवस्थित शिक्के मारत होतं, कारण शेजारच्या जागेवरचं दुसरं लायसिन पुढे सरसावून तेच काम करत होतं. २००१ साली कळलं की डब्ल्यूएनके१ आणि डब्ल्यूएनके४ मधल्या बिघाडाने आनुवंशिक उच्च रक्तदाबाचा एक प्रकार होतो. दुसरं, मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर असणारं कॅस्क. मॅग्नेशियम धरण्याची सोय नाही म्हणून ते मेलेलं मानलं जायचं. २००८ साली दिसलं की ते मॅग्नेशियमशिवायच काम करतं. तिसरं, सेलो नावाचं प्रथिन. २०१८ साली उघड झालं की त्याच्यात एटीपी उलटा बसतो, आणि ते फॉस्फेटऐवजी एटीपीचा उरलेला मोठा तुकडा, एएमपी, दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवतं. एवढंच कशाला, आपल्या जॅक२ चा तोतया भागही अगदी थोड्या प्रमाणात स्वतःवर शिक्के मारतो हे २०११ साली दिसलं, आणि ते शिक्के त्याला शांत ठेवायलाच मदत करतात. म्हणजे काही ‘मेलेले’ मुळात मेलेलेच नव्हते. पेपर वेगळ्या विषयाचा होता आणि आपण त्यांना आपल्या विषयात केटी दिली.

आता किमतीचा मुद्दा, म्हणजे औषधांचा. कायनेजवरची बरीचशी औषधं एटीपी बसतो त्या खिशात घुसून त्याची जागा अडवतात. अडचण अशी की सगळ्या खऱ्या कायनेजना एकच काम करायचं असल्याने त्यांचे खिसेही एकमेकांसारखे असतात. एकासाठी केलेली किल्ली शेजाऱ्याच्या कुलपालाही लागते. रुक्सोलिटिनिब हे औषध अमेरिकेत २०११ साली अस्थिमज्जेच्या याच गटातल्या आजारासाठी आणि २०१४ साली पॉलिसायथेमिया व्हेराच्या काही पेशंटांसाठी मंजूर झालं. त्याने पुष्कळांना आराम पडतो. पण ते जेएच१ च्या खिशात बसतं आणि बिघडलेलं जॅक२ व चांगलं जॅक२ असा भेद करत नाही. म्हणून चांगल्या पेशींचंही उत्पादन घटतं आणि काही पेशंटांना उलट रक्तक्षय होतो.

तोतयांना मात्र ते काम करायचं नसल्याने त्यांचे खिसे निरनिराळ्या घडणीचे होऊन बसले आहेत. म्हणजे किल्ली एकाच कुलपाला लागण्याची शक्यता इथे जास्त! सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सोरायसिससाठी ड्यूक्राव्हासिटिनिब हे औषध मंजूर झालं. ते टायके२ या जॅकच्या भावंडावर काम करतं, आणि शिक्का मारणाऱ्या भागाला हातही लावत नाही. जेएच२ च्या खिशात बसून ते त्या भागाला शांत स्थितीत अडकवून ठेवतं. ज्या भागाला आपण तोतया म्हणत होतो, तोच औषधाचा पत्ता ठरला. जॅक२ च्या बिघडलेल्या जेएच२ वरच नेमकं काम करणारं औषध शोधायचे प्रयत्नही चालू आहेत. मला त्यात रस का आहे हे सांगायला नकोच.

तर मित्रांनो, या लेखातून ‘जगात प्रत्येक जण उपयोगी असतो’ असा सुविचार काढून कोणी नोटीस बोर्डवर लिहू नये ही विनंती. माझं म्हणणं त्याहून साधं आहे आणि ते वापरता येण्यासारखं आहे. आपण इंजिनिअरिंगवाले भागांची यादी करताना ‘कार्य’ असा एक रकाना ठेवतो. तिथे ‘काही नाही’ असं लिहावंसं वाटेल तेव्हा शेजारी आणखी दोन रकाने काढावेत. एक, ‘काढल्यास काय होते’. दुसरा, ‘बिघडल्यास काय होते’. हे दोन प्रश्न एक नाहीत. जेएच२ काढला तर जॅक२ ला निरोप आल्यावरही जोर चढत नाही. तोच जेएच२ एका अक्षराने बिघडला तर मामांचं रक्त दाट होतं. ‘तो स्वतः काय करतो’ एवढंच विचारलं तर या दोन्हींपैकी एकही गोष्ट कळत नाही.

आणि प्रोजेक्टच्या परीक्षकांनाही माझी एक नम्र सूचना आहे. चार जणांच्या ग्रुपमध्ये “कोडिंग कोणी केलं?” हा एकच प्रश्न विचारून मार्क देऊ नयेत. “हा नसता तर काय झालं असतं?” हेही बाकी तिघांना विचारावं. खरं उत्तर कधी कधी “काहीच नाही” असं येईल, आणि तेही त्याच्या मार्कांत उतरावं! पण आयडलर आणि भंगार यांतला फरक कळायला दुसरी वाट नाही.

नावाचं काय करायचं? स्यूडोकायनेज हा शब्द आता रुळला, तो बदलणार नाही. पण आपण मराठीत लिहिणाऱ्यांनी निदान त्याचं ‘निष्क्रिय कायनेज’ किंवा ‘मृत कायनेज’ असं भाषांतर करू नये. माझं मत विचाराल तर ‘आयडलर’ हाच शब्द चालेल. इंग्रजीत त्याचाही अर्थ रिकामटेकडाच आहे म्हणा, पण आपल्या वर्कशॉपमध्ये त्या शब्दाला कोणी हसत नाही.

मामांचं रक्त काढायची तारीख आता दर दोन-अडीच महिन्यांनी येते. मागच्या वेळी मी सोबत गेलो होतो. बाटली भरत असताना त्यांनी विचारलं, “तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं? गिअर काढला होतास तो?”

“पास झालो मामा. पण गिअर परत बसवला.”

“बसव बसव,” मामा म्हणाले. “आणि पुन्हा कुठलाबी पार्ट काढायच्या आधी गाडी बंद करत जा.”